तंजावूरची जमीन शहाण्णव मिनिटं लेट

१ जानेवारी, सकाळी ६.४०

नवीन डायरी. औषधाच्या दुकानदाराने दिलेली, प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात. चालेल.

देवनागरीत लिहिणार. घरात आम्ही तिघं, मराठी तिघंही बोलतो, पण सौ. कनकलता आणि कन्या हरिप्रिया (एम.एस्सी. फिजिक्स, शेवटचं वर्ष) यांना देवनागरी अक्षर म्हणजे तारेवर वाळत घातलेले कपडे. मला वडिलांनी शिकवलं. तेव्हा येथे खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं. मी सांबशिव राव, वय बावन्न, असिस्टंट प्रोफेसर, फिजिक्स. पीएचडीचं रजिस्ट्रेशन नऊ वर्षांपूर्वीचं. थीसिस द्यायची शेवटची तारीख ३० जून, नंतर रजिस्ट्रेशन रद्द. प्रिन्सिपलनी नोटीस काढली आहे की पीएचडी नसलेल्यांना जुलैपासून वर्ग मिळणार नाहीत, ॲडमिशन विभागात घालणार. म्हणजे गावोगाव हिंडून कॉलेजसाठी पोरं गोळा करायची. केमिस्ट्रीच्या सूर्यनारायणचं गेल्या वर्षी हेच झालं. तीस वर्षं शिकवलेला माणूस, आता बाईकवर ब्रोशरचं पोतं बांधून फिरतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

माझा विषय मोठा आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती येते हे शाळेतलं पोरही सांगतं. जमिनीलाही येते हे कोणाला ठाऊक नाही. खडकासकट सगळी जमीन दिवसातून दोनदा वर येते, खाली जाते. तंजावूरला अमावास्या-पौर्णिमेला चाळीसेक सेंटिमीटर. कधी आणि किती, हे काढणारं कॉम्प्युटर मॉडेल मी करणार.

प्लॅन: जानेवारीत कोड. फेब्रुवारीत रिझल्ट. मार्चमध्ये थीसिस. एप्रिल-मे विश्रांती. जून हातात शिल्लक. नऊ वर्षं लोकांनी उगाच टेन्शन दिलं.

३ जानेवारी

मॉडेलला नाव दिलं: भूमी ४.०. आधीचे तीन झाले नाहीत, पण १.० म्हटलं की नवशिक्याचं वाटतं.

खुर्ची बुटकी आहे. अशा खुर्चीत बसून पृथ्वीचं काय करणार.

१२ जानेवारी

उद्यापासून पोंगलची धामधूम, काम बंद. पृथ्वी कोठे पळून जात नाही.

९ फेब्रुवारी, दुपार

कनकलताने पुसलं, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून नेमकं काय करता. समजावलं. ती सकाळी दारात कोलम घालते ती रांगोळीसुद्धा दुपारपर्यंत वर येते, हेही सांगितलं. तिने विचारलं, फिसकटते का. नाही म्हणालो. मग तिला त्यात काही रस उरला नाही.

जाताना टेबलावरचा कागद उचलून विचारत होती, हा लव्ह नंबर कोणाचा. जमीन किती लवते ते सांगणारा आकडा, लव्ह नावाच्या इंग्रजाचा, तो वारला, असं सांगितलं. तरी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी परत मिळाला, तेलकट.

कोड: अकरा ओळी. त्यातल्या सहा माझं नाव, पदवी, पत्ता.

२२ फेब्रुवारी

हरिप्रियाने कोड पाहिला. हसली नाही, हे कबूल केलं पाहिजे. हा सोडून नवीन लिहू का, असं तमिळमध्ये पुसलं. (आम्ही मराठीत बोलायचं, तिने तमिळमध्ये उत्तर द्यायचं, असा घरचा रिवाज आहे.) तिला शिकायला मिळेल म्हणून परवानगी दिली.

जेवून निजलो. उठलो तेव्हा चालता कोड तयार. माझ्या देखरेखीखाली काम फार लवकर होतं.

२३ फेब्रुवारी

आता मॉडेलला रोज चंद्र आणि सूर्य आकाशात कोठे आहेत ते द्यायचं. हरिप्रिया म्हणाली, त्याची तयार लायब्ररी आहे, कोडमध्ये एक ओळ घातली की झालं.

येथे मला तिला चार शब्द सुनवावे लागले. आपण तंजावूरची मराठी माणसं, भोसले राजांच्या मागे आलेली. आपल्या घरात साडेतीनशे वर्षं पंचांग आहे. राजवाड्यामागच्या गल्लीत अप्पाजी मामा, कनकलताचे सख्खे मामा, या गावच्या मराठी घरांची श्राद्धं आणि मुंजी पंचांग बघून करतात, त्यात चंद्राचे अंश-कला रोजचे छापलेले. आणि आपण परदेशी लायब्ररी डाउनलोड करायची? हा थीसिसचा आत्मा होईल: पंचांगावर चालणारं जगातलं पहिलं मॉडेल. शिवाय लायब्ररीचं मॅन्युअल चाळीस पानांचं होतं.

सरि पा, बरं बाबा, म्हणाली. पोरगी समजूतदार आहे.

२ मार्च

अप्पाजी मामांकडून पंचांग आणलं. कशाला पाहिजे, म्हणून त्यांनी विचारलं. सायन्ससाठी, एवढंच सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर, त्यांना सगळं कशाला सांगत बसायचं. त्यांनी डबराभर, म्हणजे इकडची खोलगट पितळी वाटी भरून, कॉफी दिली आणि घरी कोणाची तिथी विसरली का, असं पुसलं.

आकडे इंग्रजी अंकांत आहेत, टाइप करायला आठ दिवस लागतील. हरिप्रियाला सांगितलं, चार दिवसांत कर.

१६ मार्च, सकाळी ११

मोठा दिवस. भूमी ४.० चालू झालं. पडद्यावर जमीन सुंदर लाटेसारखी वर-खाली होते आहे.

कॉलेजच्या सिव्हिल डिपार्टमेंटच्या गच्चीवर एक GPS यंत्र आहे, ते जमिनीची उंची सारखी मोजत असतं. माझ्या गाईड साईप्रिया मॅडमनी त्याचा डेटा साफ करून दिला होता. (मॅडम एकेकाळी माझ्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायच्या. मी त्यांना प्रॅक्टिकलला बारा मार्क दिले होते. त्या हे विसरलेल्या नाहीत.) दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवले.

आकार तोच. उंची जवळजवळ तीच. पण यंत्राची जमीन माझ्या जमिनीपेक्षा उशिरा वर येते. रोज. एक तास छत्तीस मिनिटं.

१७ मार्च

मॅडमनी ग्राफवर लाल पेनाने लिहिलं: तपासा, चंद्राची जागा कोठून घेतली? मी त्यांना सांगितलं, अत्यंत विश्वसनीय स्रोताकडून. त्यांनी पुढे काही विचारायच्या आत मी वर्गावर गेलो. वर्ग नव्हता, पण गेलो.

२१ मार्च, पहाटे ५

मॉडेल बरोबर आहे. जमीन चुकते आहे.

आंघोळ करताना सुचलं. सगळीकडची जमीन चंद्राने ओढली की लगेच वर येते. आपली येत नाही, कारण आपल्याकडे कावेरीचा गाळ. चिकट, जड, हजारो वर्षं पाणी पिऊन सुस्तावलेला. ही जमीन शहाण्णव मिनिटं उशिरा उठते. मी या गावात बावन्न वर्षं आहे, मला आश्चर्य वाटलं नाही.

हा शोध आहे. जगात कोणी लावलेला नाही. नाव: सांबशिव लॅग.

कनकलताला उठवून सांगितलं. उशिरा उठणाऱ्याला चंद्र का दिसणार, म्हणाली आणि कूस बदलली. ती नक्की कोणाबद्दल बोलली ते कळलं नाही.

३० मार्च

फील्ड वर्क. बसने पापनाशमला जाऊन भाताच्या शेतातली चिकणमाती आणली, जेवणाच्या स्टीलच्या डब्यात. शेतमालक बांधावर उभा राहून बघत होता. कॉलेजचा आहे म्हटल्यावर त्याने काही विचारलं नाही.

प्रयोग: मातीचा गोळा, वर अडीच किलोचा वाटण्याचा दगड, पाच मिनिटांनी दगड काढायचा, गोळा किती वेळात पूर्ववत होतो ते घड्याळ लावून बघायचं.

सायंकाळी ६: झाला नाही.

३१ मार्च

अजून नाही. म्हणजे शुद्ध मातीचा लॅग अनंत. त्या मानाने शहाण्णव मिनिटं फारच थोडी. माझ्या सिद्धांताला उलट बळकटीच आली.

डबा परत वापरणार नाही असं कनकलताने जाहीर केलं आहे. नवीन डबा हवा. दगड तिने पुन्हा पुन्हा धुतला, माझ्याकडे बघत.

१४ एप्रिल

थीसिसचं शीर्षक बदललं. आधी होतं ते साधं मॉडेलबद्दल. आता: तंजावूरच्या भूकवचाचा विलक्षण विलंब. मॅडमची सही हवी होती. त्या परदेशी कॉन्फरन्सला गेलेल्या, म्हणून क्लार्ककडून फॉर्म पुढे सरकवून घेतला. पाच प्रतींची कव्हर्स बाइंडरकडे टाकली, गर्द निळी, सोनेरी अक्षरं. कव्हर तयार असलं की आतलं लिहायला उत्साह येतो.

व्हिजिटिंग कार्डंही छापायला टाकली. डॉ. सांबशिव राव. वेळ वाचेल.

२० एप्रिल, रविवार

मराठी मंडळाच्या मासिक सभेत भाषण. हजर अकरा, त्यात आमच्या घरचे तीन. पाऊण तास बोललो, चंद्रापासून भोसल्यांपर्यंत. माझ्या मते सगळे भारावले होते. भाषणानंतर एकाने विचारलं, घराला तडे जातात ते यामुळेच का, कॉन्ट्रॅक्टरवर केस करता येईल का. मी म्हणालो, शक्य आहे.

अप्पाजी मामांना सर्दी झाली म्हणून आले नव्हते. चुकलं त्यांचं.

४ मे

साईप्रिया मॅडम परतल्या. लांबलचक ईमेल आला आहे. पहिली ओळ वाचली: आदरणीय सर. आदर कायम आहे हे बघून बरं वाटलं. बाकीचं सवडीने.

९ मे

मॅडमनी बोलावून घेतलं. खडकाला असा दीड तासाचा उशीर होऊच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. एखाद-दोन मिनिटं फार तर. गाळाचा थर खालच्या हजारो किलोमीटर खडकापुढे पापडाएवढा, तो काय अडवणार. इनपुट दाखवा, म्हणाल्या. मी म्हणालो, सिनॉप्सिस सेमिनारमध्ये सगळ्यांसमोरच दाखवतो. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मोठ्या शोधाच्या वेळी गाईड असंच करतात, हे मी ऐकून होतो.

२७ मे, अमावास्या

आज जमीन सगळ्यात वर येणार. मॉडेलप्रमाणे १०.४० ला, लॅग मिळवून १२.१६ ला. हॉलमध्ये जमिनीवर पाठ टेकून पडलो, प्रत्यक्ष अनुभव घ्यायला. १२.१६ ला खरोखरच काहीतरी उचलल्यासारखं वाटलं. कनकलता म्हणाली, तुम्ही घोरत होतात, मी पाय ओलांडून गेले.

अनुभव नोंदवला आहे, परिशिष्ट ड.

१५ जून

सेमिनार २० तारखेला. तो झाला की थीसिस द्यायचा, १० दिवस आहेत. प्रकरणं सहा. पाचवं, लॅगवरचं, तयार, एकशे चाळीस पानं. बाकीची पाच सुचली आहेत.

राजवाडा गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांना सेमिनारचं आमंत्रण दिलं, स्वतः जाऊन. सेमिनार खुला असतो. अप्पाजी मामांना पहिली रांग. त्यांच्या पंचांगाचा मान आहे. कार्डं वाटली.

हरिप्रियाने हळूच विचारलं, एकदा लायब्ररी लावून बघू का, फक्त ताडून पाहायला. नको म्हणालो. आत्ता ताडून काय करायचं.

२० जून, संध्याकाळ

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

सेमिनार हॉल भरलेला. प्रिन्सिपल, डिपार्टमेंट, साईप्रिया मॅडम, आमच्या गल्लीची तीस माणसं धोतर-साड्या नेसून. मी छान बोललो. अमावास्येचा ग्राफ दाखवला, १०.४० आणि १२.१६. चंद्राची जागा कोठून, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा मी पंचांगाचा फोटो असलेली स्लाईड लावली. टाळ्या पडल्या. गल्लीच्या.

मग अप्पाजी मामा उठले. मराठीत बोलले, हळू, म्हणजे मला सांभाळून. म्हणाले, सांबशिवा, अमावास्येला सूर्य-चंद्र एकत्र असतात, दोघे डोक्यावर येतात दुपारी बारा-सव्वाबाराला, तर तुझं मॉडेल त्यांना पावणेअकराला डोक्यावर कसं बघतं? अयनांश मिळवलेस ना?

मी म्हणालो, कसले अयनांश.

मामांनी हॉलकडे वळून सांगितलं. पंचांग राशी नक्षत्रांपासून मोजतं, साहेबांचं ज्योतिष संपातापासून, म्हणजे मार्चात दिवस-रात्र सारखे होताना सूर्य असतो तिथून मोजतं, दोन्हींत आता चोवीस अंशांचं अंतर, तेच अयनांश. सूर्य डिसेंबरातच उत्तरेला वळतो आणि आपण संक्रांत जानेवारीत करतो, ते याच अंतरामुळे. पंचांगातला आकडा बाहेर वापरायचा तर चोवीस मिळवायचे, हे त्यांच्या मुंज झालेल्या नातवालाही ठाऊक आहे. मग त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं. चोवीस चोक शहाण्णव.

मॅडमनी मला विचारून लॅपटॉप घेतला. हरिप्रिया पुढे आली, तिने कोडमध्ये एका ठिकाणी अधिक चोवीस टाइप केलं आणि रन दाबलं.

माझी लाट सरकली आणि यंत्राच्या लाटेवर जाऊन बसली. दोन ग्राफ आहेत हे कळेना, इतकी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता प्रिन्सिपलनी सुद्धा. मला फार लाज वाटली. मामा येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, पंचांग बरोबर होतं हो.

२१ जून

विचारांती: यात चूक कोणाचीच नाही. पंचांगवाल्यांनी ते अंतर आत बारीक अक्षरांत न छापता मुखपृष्ठावर छापायला हवं. आणि मॉडेल उत्तमच निघालं. ते सिद्ध झालं. फक्त शोध गेला.

मॅडमचा ४ मेचा ईमेल उघडला. दुसऱ्याच ओळीत होतं: चंद्राची जागा नक्षत्रांपासून मोजलेली तर नाही ना?

२९ जून

पाचवं प्रकरण काढलं. उरली एकसष्ट पानं. त्यात हरिप्रियाचा कोड चव्वेचाळीस. एका दिवसात पाच प्रकरणं आणि नवीन शीर्षक होत नाही, मी दुपारी दोन ते चार बसून पाहिलं.

बाइंडरचा फोन आला, निळी कव्हर्स पडून आहेत, आत काय घालायचं म्हणून.

३० जून, रात्री ९.३०

ऑफिस पाचला बंद झालं. मी गेलो नाही. कनकलताने रात्रीच्या जेवणाला पिठलं केलं, मला आवडतं म्हणून. नऊ वर्षं मी सगळ्यांना पुढच्या वर्षी म्हणून सांगितलं आहे.

८ जुलै

ओरत्तनाडू. सूर्यनारायणच्या बाईकवर मागे बसलो, मांडीवर ब्रोशरचं पोतं. तो चांगला माणूस आहे. कोणत्या घरी आधी ताक मागायचं आणि मग कोर्सेस सांगायचे, हे त्याने शिकवलं. एका बाईंना मी जमिनीच्या भरतीबद्दल सांगितलं. त्यांनी होस्टेलमध्ये पाणी येतं का विचारलं.

आठ घरं, ॲडमिशन शून्य. पहिला दिवस आहे.

२ ऑगस्ट

पीएचडीला नव्याने रजिस्टर करायचं ठरवलं. अनुभव तर आहेच. या वेळी तीन वर्षांत संपवणार. साईप्रिया मॅडमना फोन केला. त्यांनी खूप आदराने सांगितलं की त्यांच्याकडे एकच जागा होती, ती हरिप्रियाला दिली. विषय: भूमी मॉडेल, पुढचं काम.

मी म्हणालो, उत्तम, मीच सुचवणार होतो.

४ ऑगस्ट, सकाळ

हरिप्रिया रजिस्ट्रेशनचा फॉर्म घेऊन आली. वडिलांची सही लागते, म्हणाली. मराठीत म्हणाली. शेवटच्या पानावर तळाला चौकट होती: वडिलांचं नाव, शिक्षण, सही. नाव लिहिलं. शिक्षणात पेन थोडा थांबला, मग एम.एस्सी. लिहिलं. सही केली. तिने वाकून नमस्कार केला आणि फॉर्म फायलीत नीट ठेवला.

युनिव्हर्सिटीचा कारभार मात्र दिवसेंदिवस ढिला होत चालला आहे. ती चौकट छापायचीच राहून गेली होती. पोरीला बिचारीला ती निळ्या पेनाने, पट्टी लावून, स्वतः आखावी लागली.